बंद केल्यावर गन दाबायची

पंपाचं ऑइल अमावस्येलाच का बदलायचं?

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारून पाहिला. आधी दादाला विचारला, कारण बदलायचा तोच. तो म्हणाला, "पहिले जाळी धुऊन आण." शेजारच्या शफीकभाईंना विचारला. ते म्हणाले, "भाई तेरा है, पूछता मेरे को?" वहिनीला विचारला. ती म्हणाली, "मले इचारून केलं काय त्यायनं काही?" कंपनीचा मेकॅनिक अकोल्याहून आला होता, त्यालाही विचारला. तो म्हणाला, "अरे, हे मी तुम्हाला विचारणार होतो."

आता दादा नाही. म्हणजे प्रश्न राहिला तो राहिलाच.

आमचं धामणगाव बढ्याला रोडवर गाड्या धुवायचं सेंटर आहे. एक रॅम्प, एक पाण्याची टाकी, एक पत्र्याची खोली आणि खोलीत पंप. मोटर फिरली की पंप पाणी दाबतो, ते लांब पाइपातून गनमध्ये येतं, आणि गनचा खटका दाबला की असं सुटतं की ट्रॅक्टरच्या चाकात पेरणीपासून बसलेला चिखल ढेकळासकट उडतो. रॅम्पखाली एक खड्डा आहे. सगळा गाळ त्यात जाऊन बसतो. आपण वर गाड्या धूत राहतो, खाली किती साठलं ते उपसायला उतरल्यावरच कळतं. किस्स्यांचंही तसंच आहे. दादा गेल्यापासून मी खड्ड्यात उतरलेलो आहे.

दादाचं नाव सुपडा. त्याच्याआधी मायची दोन लेकरं गेली होती. म्हणून हा झाल्याबरोबर याला सुपात घातलं, इकडून तिकडं ओढलं आणि नाव सुपडा ठेवलं, की यमाला वाटावं हा केरकचरा आहे, याला काय न्यायचं. ते नाव लागू पडलं. मग मी झालो, तोपर्यंत घरच्यांना धीर आला होता. माझं नाव त्यांनी अक्षय ठेवलं. यम इतकी वर्षं फसला. मग त्याला कोणीतरी सांगितलं असणार.

दादाची मशीनची कामं ठरलेली होती. सकाळी पाणी ओढायच्या पाइपाची जाळी धुवायची. नोझलच्या बारीक भोकातला कचरा सुईनं काढायचा. अमावस्येला ऑइल. आणि संध्याकाळी मशीन बंद केल्यावर गन दाबायची, कारण मोटर थांबली तरी पाइपात दाबलेलं पाणी अडकून राहतं, ते सोडून द्यावं लागतं. या सगळ्यातलं मला एकच काम चांगलं यायचं, मशीन चालू करणं.

बाबा आता म्हणतात, मशीन विकून टाकू. वडनेर भोलजीचा एक जण पाहूनही गेला. बाबांचं म्हणणं असं की, "याच्याच्यानं होत नाही. हा बंद करून पळते." मी त्यांना काही म्हटलं नाही. तुम्हालाच सांगतो, मग तुम्ही ठरवा.

*

टोपीपासून सुरू करतो, कारण बाबांचा राग तिथून सुरू होतो.

एकदा दुपारी मी मशीन बंद केली आणि शफीकभाईंकडे गेलो. शफीकभाई पंक्चर काढतात आणि चहाही विकतात, त्यामुळे त्यांच्या चहाला ट्यूबचा थोडा वास असतो. गन रॅम्पवर तशीच पडून होती. तेवढ्यात बाबा शेतातून आले. बाबांना वाटेत पडलेली वस्तू पाहवत नाही. त्यांनी गन उचलली. आता गन उचलायला धरायची जागा एकच आहे, आणि खटकाही तिथंच आहे.

आत अडकलेलं पाणी सुटलं. एकच पिचकारी, जास्त नाही. पण ती बरोबर टोपीच्या काठाखाली लागली. टोपी वर गेली. रोडवरून कापसाची ट्रॉली चालली होती, तिच्यात जाऊन बसली आणि मलकापूरकडे निघून गेली.

बाबांच्या टकलावरून पाणी गळत होतं. ते म्हणाले, "सुपड्या, मशीन बंद होती ना बे?"

"मशीन बंद होती, बाबा," दादा म्हणाला. "गन बंद नव्हती."

मग मला बोलावलं. ओरडला नाही. दादा रागावला की उलट हळू बोलायचा. "बंद केल्यावर गन दाबायची. मशीन थांबली म्हंजे काम झालं असं नाही. समजलं?"

"हाव."

"काय समजलं?"

"गन दाबायची."

"मंग दाब."

मी दाबली. तिच्यातलं पाणी आधीच टोपीवर खर्च झालं होतं. तरी त्यानं दाबायला लावली.

ट्रॉलीवाला टोपी घेऊन आला, तेव्हा म्हणाला, "काका, तुमची टोपी लय पांढरी हाय. जिनिंगवर मी बाजूले काढून ठेवली, की तिथला माणूस उचलून कापसाच्या गंजीत टाके. मी काढली, त्यानं पुन्हा टाकली."

त्यानंतर बाबा सेंटरवर आले की टोपी खिशात ठेवून येत.

*

पंपाच्या आत रबराचं सील असतं. ते गेलं की ऑइलमध्ये पाणी शिरतं आणि ऑइलचा रंग बदलतो. काळं-पिवळं राहत नाही, दुधाळ होतं. अगदी चहासारखं. इथपर्यंत सांगितल्यावर पुढचं तुम्हाला कळलं असेल, पण पूर्ण ऐका.

दादाला शंका आली म्हणून त्यानं थोडं ऑइल एका कपात काढलं. उजेडात पाहिलं आणि कप बाकड्यावर ठेवून पाना आणायला आत गेला. बाकड्यावर गावातल्या शाळेचे एक सर पेपर वाचत बसले होते. त्यांची मोटरसायकल रॅम्पवर होती. त्यांनी पेपरातून डोकं न काढता हात लांबवला आणि एक घोट घेतला.

थोडा वेळ गेला.

"शफीकभाई," सर म्हणाले, "आज साखर कमी हाय."

शफीकभाईंनी पलीकडून सांगितलं, "सर, आपका चाय अभी चढ़ाया नहीं."

दादा पाना घेऊन बाहेर आला. कप पाहिला, सरांच्या मिशा पाहिल्या. दुसरा कोणी असता तर ओरडला असता. दादा सरांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "सर, एक सांगा. चव जळकट लागली का नुसती तेलकट?"

"काऊन?"

"सांगा ना. ध्यान देऊन सांगा."

सर विचार करणारा माणूस. त्यांनी जीभ फिरवली. "तेलकट."

दादानं मोठा श्वास सोडला आणि मला म्हणाला, "बेरिंग चांगलं हाय बे. नुसतं सील गेलं."

मग सरांना कळलं. ते उठले, थुंकले, "पाणी, पाणी" म्हणायला लागले. माझ्या हाताजवळ होती ती गन, मी तीच पुढं केली. दादानं मधेच पाइप धरला म्हणून सरांचे दात आज आहेत.

सर अजूनही आमच्याकडेच गाडी धुतात. फक्त कप हातात घेतला की आधी वास घेतात, मग दादाकडं पाहत. आता माझ्याकडं पाहतात.

*

अमावस्येचा बोभाटा कसा झाला ते सांगतो.

त्या दिवशी दादा गाडी घेत नसे. पत्र्याचं दार अर्धं ओढायचा. आत पंपासमोर उकिडवा बसायचा. दाराला लिंबू-मिरची, समोर परात, परातीत काळं तेल गळतंय, हातात काळं फडकं, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटणं. तो नटबोल्ट मोजायचा, नाहीतर एखादा हरवायचा. पण रोडवरून जाणाऱ्याला काय दिसणार?

एक दिवस अमडापूरचा एक माणूस आला. इतक्या लांबून. चपला बाहेर काढून आत आला आणि हात जोडून उभा राहिला.

"म्हैस दूध देत नाही," तो म्हणाला.

दादा म्हणाला, "मी गाड्या धुतो."

"मले सगळं मालूम हाय, भाऊ. तुमी कोनाले सांगत नाही, तेबी मालूम हाय."

दादानं त्याला बरंच समजावलं. मशीन दाखवली, पंप दाखवला, ऑइल भरायचं भोक दाखवलं. तो प्रत्येक वस्तूला नमस्कार करत गेला. शेवटी दादा थकला. परातीतलं काळं तेल एका बाटलीत भरून दिलं आणि म्हणाला, "हे म्हशीले लावू नको. तिले पाजू नको. घरी दाराच्या बिजागरीले लाव, लय कामी येते."

तो पुढच्या अमावस्येला पेढे घेऊन आला. त्यानं गोठ्याच्या दाराच्या बिजागरीला तेल लावलं होतं. म्हैस बादली भरून दूध देत होती.

त्याच्यामागं आणखी लोक यायला लागले. कोणाची सून नांदत नव्हती, कोणाच्या बोअरला पाणी नव्हतं. दादा सगळ्यांना एकच सांगायचा, बिजागरीला लाव. आमच्या भागातलं एकही दार त्या वर्षी करकरलं नसेल.

"पहिले हे तेल फेकायले जागा नव्हती," दादा मला म्हणाला. "आता पुरून नाही राह्यलं."

*

नोझलची सुई दादा शर्टाच्या कॉलरमध्ये खोचून ठेवायचा. बारीक शिवणाची सुई. शर्ट बदलला की सुई दुसऱ्या शर्टात जायची. लग्नाला, मयतीला, देवाला, सुई सोबतच.

पोरगी पाहायला गेला तेव्हाही होती. पाव्हण्यांनी दारातच गळाभेट घेतली आणि "आई गं" म्हणून मागं सरले. होणाऱ्या सासऱ्याच्या गालाला रक्त. अशी सुरुवात.

आम्ही सगळे बसलो. पोहे येईनात. आतून रॉकेलसारखा वास आणि बायकांची कुजबुज. शेवटी एक म्हातारी बाहेर येऊन म्हणाली, "थोडा येळ लागन, गॅस बराबर पेटून नाही राह्यला."

दादा म्हणाला, "ज्योत पिवळी हाय का निळी?"

म्हातारी म्हणाली, "पिवळी."

दादा उठला. बाबा "बस बे, बस" म्हणत राहिले. दादा स्वयंपाकघरात गेला. आत पोरगी डोक्यावर पदर घेऊन पोह्यांच्या कढईजवळ बसली होती. दादानं तिला म्हटलं, "थोडं सरका." ती सरकली. यानं शेगडी उलटी केली, कॉलरमधून सुई काढली, जेट साफ केला, फुंकला, शेगडी सुलटी केली आणि पेटवली. निळी ज्योत. मग पोरीला म्हणाला, "घ्या आता." आणि बाहेर येऊन बसला.

पोरीच्या मायनं तिथंच होकार दिला.

परतीच्या गाडीत बाबांनी विचारलं, "मंग? कशी हाय?"

"चांगली हाय. कचरा अडकला होता, बाकी चांगली हाय."

"पोरगी बे, पोरगी."

दादानं सुई कॉलरमध्ये नीट खोचली. मग म्हणाला, "तिकडे पाह्यलं नाही, बाबा."

ती म्हणजे वहिनी. ती म्हणते, "मी त्यायले पाह्यलं ना. बस झालं की."

*

दादा एकदा वहिनीला घेऊन माहेरी गेला. जाताना मला म्हणाला, "ऑइल कमी झालं तर थांबजो. मी आल्यावर भरू. मशीन चालवू नको."

ऑइल कमी झालं. दारात पाच-सहा ट्रॅक्टर. पोळा उद्यावर आला होता, सगळ्यांना आजच चकाचक पाहिजे. बैल धुवायला नदी आहे, ट्रॅक्टर धुवायला आम्हीच. माझ्याच्यानं थांबणं होत नाही, हे आता तुम्हाला माहीत झालंच आहे. मी घरी गेलो आणि वहिनीचा स्वयंपाकाच्या फल्ली तेलाचा डबा आणला.

पंप चालला. खरं सांगतो, आवाजही कमी झाला. पण तासाभरात पंप तापला आणि सगळ्या रोडवर भजी तळल्याचा वास सुटला. लोक गाड्या थांबवायला लागले. एक जण शफीकभाईंना म्हणाला, "एक प्लेट मिरचीची द्या." शफीकभाई म्हणाले, "भजिया मेरे पास नहीं, उधर धुलाई में मिलता."

दादा संध्याकाळी आला. दारातच थांबला, नाक वर केलं आणि आत गेला. पंपाचं झाकण काढून बोट बुडवलं, चाटलं. मग माझ्याकडं पाहिलं.

वहिनी मागं उभी होती. ती म्हणाली, "भाऊजी, पंपाले फोडनी देल्ली, बरं केलं. आता भाजी कायच्यात करू? गिअर ऑइलमधी?"

त्या रात्री दादानं पंप पूर्ण उघडून पुसला. मला शिव्या दिल्या नाहीत. मी आवाजाचं सांगितलं तेव्हा एकदाच हळू म्हणाला, "आवाज खरंच कमी झाला होता काय बे?"

*

अकोल्याचा मेकॅनिक फार व्यवस्थित माणूस. पहिल्यांदा आला तेव्हा वही-पेन काढून बसला.

"मशीन किती तास चालली?"

दादा म्हणाला, "दिवाळीपासून."

"तास विचारतोय. ऑइल तासांवर बदलायचं असतं."

"मी अमावस्येवर बदलतो."

मेकॅनिकनं पेन ठेवलं. मग त्यानं पदरचा एक मीटर आणून बसवला. मशीन जितकी चालेल तितके तास त्यावर दिसणार. दादानं मीटर नीट पाहिला, हातानं पुसला, आणि त्याला लिंबू-मिरची टांगली. आकडे लिंबामागं गेले.

मेकॅनिक दुसऱ्या वेळी आला तेव्हा लिंबू हलवून आकडा वाचला, डोकं खाजवलं आणि ऑइल तपासलं. वही मिटून निघून गेला. पण त्यानंतर दर महिन्याला त्याचा फोन यायला लागला. "सुपडाभाऊ, कॅलेंडर पाहिलं का? उद्या आहे."

दादा म्हणायचा, "मालूम हाय. तुम्ही तुमचं बदललं काय?"

*

सरांच्या त्या घोटानंतर सील बदललं होतं. यंदा ते पुन्हा गेलं. दादा नवीन आणायला मलकापूरला गेला. दुकानदार आत शोधत होता. दादा काउंटरजवळ स्टुलावर बसला. दुकानदाराला सील सापडलं. दादा उठला नाही.

फोन शफीकभाईंना आला. मी रॅम्पवर जीप धूत होतो, सगळ्या जीपवर फेस. शफीकभाई धावत आले, हात पुसायचं फडकं हातातच. म्हणाले, "अक्षय, मशीन बंद कर."

मी बंद केली आणि जसा होतो तसा निघालो.

दुकानदारानं सील एका छोट्या पिशवीत घालून दिलं. पैसे घेतले नाहीत. ती पिशवी अजून माझ्या खिशात असते.

दसव्याच्या दिवशी सकाळी वहिनी माझ्याजवळ आली. दादाच्या शर्टातली सुई तिच्या हातात होती. तिनं ती माझ्या कॉलरमध्ये खोचली आणि आत निघून गेली.

नदीवर सगळे जमले होते. सर होते, शफीकभाई होते, अमडापूरचा म्हशीवाला होता, अकोल्याचा मेकॅनिकही आला होता. महाराजांनी पिंड मांडला. बाजूला मिरचीची भजी, दादाला आवडायची. समोरच्या कडूनिंबावर कावळ्यांचा बाजार भरलेला. खाली एक येईना.

आमचे काका म्हणाले, "त्याचं काहीतरी राह्यलं. बोला, काय राह्यलं ते बोला."

बाबा पुढं झाले. हात जोडून म्हणाले, "सुपड्या, सूनबाईले लेकीसारखी ठेवतो." कावळा आला नाही.

काका म्हणाले, "अक्षयचं लग्न करून देतो." एक कावळा होता तो वरच्या फांदीवर गेला.

मी म्हणालो, "मशीन विकू देत नाही." बाबांनी माझ्याकडं पाहिलं. कावळा आला नाही.

सर खाकरले. म्हणाले, "चहा ठेवून पाहा." चहा ठेवला. मेकॅनिकनं बोटांवर मोजून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "अमावस्या परवा आहे." म्हशीवाल्यानं पिशवीतून काळ्या तेलाची बाटली काढली. महाराज म्हणाले, "हे शास्त्रात नाही." थोडा वेळ गेला, ऊन चढलं. महाराज म्हणाले, "बरं, ठेवा." बाटली पिंडाजवळ ठेवली. झाडावरचे कावळे मान वाकडी करून बाटलीकडं पाहत राहिले.

शेवटी महाराज म्हणाले, "दर्भाचा कावळा करतो. चालते तेही."

"थांबा," बाबा म्हणाले. त्यांनी महाराजांच्या हातातला दर्भ धरला. "थांबा ना थोडं. तो कधी काम अर्धं सोडत नव्हता."

मी मान खाली घातली आणि कॉलरमधली सुई मला गळ्याला टोचली.

मी पळालो. काका ओरडले, "कुठं चालला बे, पिंड सोडून?" शफीकभाईंनी काही न विचारता गाडीची चावी माझ्याकडं फेकली.

सेंटर तेव्हापासून बंदच होतं. जीप मालक घेऊन गेला होता, रॅम्पवर तिच्या फेसाचे वाळलेले डाग होते. गन मी टाकली तिथंच, चिखलात. रॅम्पच्या टोकाला एक कावळा बसला होता, वाळलेल्या फेसाला टोच मारत.

इतक्या दिवसांत प्रेशर उतरून जायला पाहिजे. पाइप जुना आहे, सील गेलेलं आहे. मला तेवढं कळतं. मी मेन स्विच पाहिला, बंद होता. गन उचलली, शर्टाला पुसली आणि खटका दाबला.

एक पिचकारी सुटली. कावळ्याला पूर्ण लागली. तो उलटापालटा झाला, दोनदा ओरडला, आणि पाणी झटकत नदीकडं उडून गेला.

मी खटका सोडला नाही. शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवला. मग फोन वाजला.

"ये वापस," काका म्हणाले. त्यांच्या मागं बाबांच्या रडण्याचा आवाज येत होता. "शिवला."

मी पाइप गुंडाळायला लागलो.

"पण मले एक सांग," काका म्हणाले. "पाऊस ना पाणी, कावळा ओला कसा काय होता बे?"

"जाळी धुऊन येतो, काका," मी म्हटलं, आणि गन खुंटीला अडकवली.